गॉलवेला जातेय : पाऊस, नदी आणि भाड्याचं घर

रानजाई
नमस्कार मंडळी. मला गॉलवे विद्यापीठात संशोधक म्हणून दोन वर्षांचं काम मिळालंय. होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट (विद्यापीठाने परदेशी संशोधकाशी केलेला करार) हातात आहे, व्हिसाची कागदपत्रं चालू आहेत. सोबत नवरा आणि चार वर्षांची मुलगी. आयर्लंडचं नाव काढलं की जो तो एकच सांगतो, "तिथे सारखा पाऊस असतो". मला पावसाचं वावडं नाही, पण रोजचं जगणं कसं असतं याचा अंदाज येत नाहीये. राहायला कुठला भाग बरा? कपडे काय घ्यावेत? शाळेचं काय? नवऱ्याला नोकरी करता येईल का? सुचेल ते लिहा, धाग्याला फाटे फुटले तरी हरकत नाही.

छत्रीमोड
अभिनंदन! माझा आयडी बघून कळलंच असेल, छत्रीच्या बाबतीत मी अधिकारी माणूस आहे. आणू नका. इथे पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. अटलांटिकवरून नैर्ऋत्येचा वारा सुटला की छत्री उलटी होते. प्रत्येक वादळानंतर एअर स्क्वेअर या शहराच्या मुख्य चौकातल्या कचरापेट्यांत छत्र्यांचे सांगाडे उभे असतात.

वर्षाचा पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मा. पण तो चार महिन्यांत उरकून जात नाही, बारा महिने पुरवून पुरवून पडतो. तासाभरात भुरभुर, ऊन, इंद्रधनुष्य, परत भुरभुर. "पाऊस थांबला की निघू" म्हणत बसलात तर घरातच म्हातारे व्हाल. इथली पोरं भर पावसात बागेत घसरगुंडी खेळतात आणि आया बाजूला उभ्या राहून कॉफी पीत असतात.

टोपीवालं, शिवणी आतून चिकटपट्टीने बंद केलेलं वॉटरप्रूफ जाकीट घ्या, आणि तेही इथे येऊन. मुलीला अंगभर एकसंध रेनसूट आणि गमबूट. जीन्स कमी आणा, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. थंडी तशी बेताची असते, हिवाळ्यात साधारण ३ ते ८ अंश, बर्फ क्वचित. हिमालयात जायचे जाडजूड कोट आणून बॅगेची जागा फुकट घालवू नका.

अर्धाचहा
छत्रीमोड +१. एक भर घालते. पावसापेक्षा अंधार जास्त छळतो. डिसेंबरात उजाडायला पावणेनऊ होऊन जातात आणि साडेचारच्या आत दिवस संपतो, तोही ढगाळ. पहिल्या हिवाळ्यात मला दुपारी तीनलाच झोप यायची. त्याची भरपाई जूनमध्ये होते, रात्री दहालाही उजेड असतो आणि मुलं झोपायला तयार होत नाहीत. जाड काळे पडदे लागतात, ते मात्र आधीच घेऊन ठेवा.

पश्चिमवारा
रानजाई, मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. पावसाची चिंता सोडून द्या. पावसाला जाकीट आहे. इथला खरा प्रश्न घराचा आहे, आणि घर शोधताना दोनच गोष्टी आधी बघायच्या: ते नदीच्या कुठल्या काठाला आहे, आणि आतून कोरडं आहे का. बाकी सगळं मागाहून जुळवता येतं.

काठाचं आधी. कॉरिब नदी शहराच्या मधून वाहते आणि गाड्यांसाठी तिच्यावर मोजून चार पूल आहेत. सकाळ-संध्याकाळ अख्खं शहर त्या चार पुलांच्या तोंडाशी अडकलेलं असतं. बाहेरून जाणाऱ्या रिंगरोडला २०२१ मध्ये परवानगी मिळाली होती, ती २०२३ मध्ये कोर्टात रद्द झाली. त्यामुळे तुमच्या दोन वर्षांत त्या रस्त्याच्या भरवशावर काही ठरवू नका. विद्यापीठ पश्चिम काठावर आहे, मोठं सरकारी हॉस्पिटलही त्याला लागूनच. न्यूकॅसल, डँगन, रहून, सॉल्टहिल, नॉकनाकॅरा हे सगळे भाग त्याच बाजूला. स्टेशन आणि एअर स्क्वेअर पूर्वेला, आणि ओरनमोर, डुइष्का, बॅलीब्रिट त्याच्याही पलीकडे. तुमचं काम पश्चिमेला, तर घरही पश्चिमेलाच बघा. पूर्वेला भाडं थोडं कमी दिसेल, पण पावसाळी सकाळी मुलीला शाळेत सोडून पूल ओलांडताना ते वाचवलेले पैसे आठवणारही नाहीत.

आता कोरडेपणा. जाहिरातीत बीईआर नावाचा दाखला लिहिलेला असतो, ए१ पासून जी पर्यंत. घर किती ऊर्जा खातं याचा तो आकडा. तुमच्या खिशाला ए वर्ग परवडणार नाही असं धरून चालतो, पण सी च्या खाली जाऊ नका. घर बघायला गेलात की बैठकीच्या खोलीत रेंगाळू नका, ती सजवलेलीच असते. झोपायच्या खोलीत जा, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर त्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यात हात घाला. भिंत गार आणि चिकट लागली, किंवा तेवढ्याच भागाला ताजा पांढरा रंग दिसला, तर समजा की खाली बुरशी आहे. खिडकीच्या तळाशी रबराची पट्टी असते, तीवर काळे ठिपके दिसतात का बघा. मग कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. ओलीचा वास रंगाखाली लपत नाही.

तिसरं, घर तापतं कशावर ते विचारा. इथे बऱ्याच घरांच्या मागे प्लास्टिकची मोठी टाकी असते, तीत रॉकेल भरलेलं असतं आणि त्यावर बॉयलर चालतो. ते भाडेकरूने भरायचं. काही फ्लॅटमध्ये विजेचे स्टोरेज हीटर असतात: रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. त्याला दोन खुंट्या असतात, एक रात्री किती भरायचं त्याची, दुसरी दिवसा किती सोडायचं त्याची. दोन्ही पूर्ण फिरवून ठेवल्या तर दुपारपर्यंत सगळी ऊब उडून जाते आणि तुम्ही संध्याकाळी घरी येता तेव्हा हीटर गार. आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या इमर्शन हीटरलाही दोन बटणं असतात, एक बेसिनपुरतं आणि एक टबभर पाण्याचं. टबाचं चालू राहिलं तर बिल बघून घाम फुटेल, तेवढीच काय ती गरमी.

खाडीपलीकडे
पश्चिमवारा, तुमच्या पूर्वेवरच्या रागाशी मी सहमत नाही. मी ओरनमोरला राहतो. घर नवं, बीईआर चांगलं, स्टेशन जवळ, आगगाडीने शहरात दहा-बारा मिनिटांत. न्यूकॅसलमधल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या घरांपेक्षा शंभर पटीने कोरडं. काठापेक्षा घराचं वय बघा.

पश्चिमवारा
तुमची आगगाडी एअर स्क्वेअरला सोडते. तिथून विद्यापीठापर्यंत पायी वीस मिनिटं, आडव्या पावसात, चार वर्षांच्या मुलीसकट. आणि १३ नोव्हेंबर २०२३ ला डेबी वादळात ओरनमोरच्या मुख्य रस्त्यावर पाणी शिरलं होतं, तेही सांगा की.

खाडीपलीकडे
पाणी शिरलं होतं ते किनाऱ्यालगतच्या गल्ल्यांत. आणि सॉल्टहिलचं काय? भरतीला वारा लागला की तिथला कारपार्क बंद, स्पॅनिश आर्च या नदीकाठच्या जुन्या कमानीपाशी पूर अडवायला फळ्या लागतात. समुद्र दोन्ही काठांना सारखाच आहे.

छत्रीमोड
दोघांचं बरोबर आहे, आता चहा घ्या. रानजाई, मेट एरन या हवामान खात्याचं अ‍ॅप फोनवर टाका. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. पिवळ्याला इथे कोणी भीक घालत नाही. लाल असला की शाळा-ऑफिसं बंद आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात इथल्याच काउंटीत मेस हेडला ताशी १८० किलोमीटरच्या वर झोत नोंदला गेला, देशाच्या इतिहासातला सर्वात जोरदार. काही गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एक टॉर्च, पॉवर बँक आणि खिचडीचं सामान घरात असू द्या. पूर्ण विजेवर चालणारं घर असेल तर छोटी गॅसची शेगडीही.

साळुंकी
मी विद्यार्थिनी म्हणून आले, आता इथेच नोकरी करते. घराच्या व्यवहाराबद्दल थोडं लिहिते, कारण नवीन माणूस फसतो तो इथेच.

घरमालक एका महिन्याचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं, एवढंच मागू शकतो. २०२१ पासून हा कायदाच आहे. "परदेशी आहात, सहा महिन्यांचं एकदम भरा" म्हणाला तर नाही म्हणा. घर बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. "मी सध्या बाहेरदेशी आहे, चावी कुरिअरने पाठवतो" असं म्हणणारा घरमालक शंभर टक्के भामटा असतो. दोन खोल्यांच्या घराचं भाडं आता दोन हजार युरोच्या आसपास किंवा वर जातं, त्यामुळे बाराशेची सुंदर जाहिरात दिसली तर हुरळू नका.

दुसरं, घरमालकाच्याच घरातली खोली घेतलीत तर कायद्याने तुम्ही भाडेकरू ठरत नाही. त्याने उद्या जा म्हटलं तरी भाडेतंटे मंडळाकडे दाद मागता येत नाही. अशा खोल्या खूप निघतात, कारण मालकाला वर्षाला चौदा हजार युरोपर्यंतच्या भाड्यावर कर लागत नाही. पहिले काही आठवडे डोकं टेकायला ठीक, संसार थाटायला नाही.

आणि हे पाठ करून ठेवा: २०१९ च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या खोलीत भाडेकरूच्या हातात असलेलं हीटिंग हवं, घर ओलीपासून मुक्त हवं, वॉशिंग मशीनची सोय हवी, आणि घराला स्वतःचं अंगण किंवा परसू नसेल तर कपडे वाळवायच्या ड्रायरचीही. हे शेवटचं कोणी आपणहून सांगत नाही. ड्रायर नसला की ओले कपडे खोलीत स्टँडवर पडतात, त्यांचं पाणी हवेत, तिथून भिंतीवर, आणि मार्चपर्यंत कपाटामागे बुरशी. मग घरमालक म्हणतो, "तुम्ही भारतीय लोक फार स्वयंपाक करता". मला हे तोंडावर ऐकवलं गेलंय. मी नियमाचं पान छापून पुढे ठेवलं, दोन आठवड्यांत ड्रायर आला.

अर्धाचहा
साळुंकी, टाळ्या! ओल शोषणारं मशीनही घ्या म्हणावं. सकाळी त्याची टाकी ओतताना जेवढं पाणी निघतं ते बघून आपण एवढ्या पाण्यात झोपलो होतो यावर विश्वास बसत नाही.

रानजाई
बापरे, किती मदत करताय सगळे! नवऱ्याच्या नोकरीबद्दल आणि शाळेबद्दल कोणी सांगेल का? आणि एक जरा नाजूक विचारते. आई काळजीत आहे. बातम्यांत भारतीयांवर हल्ले झाल्याचं तिने वाचलं. शिवाय गॉलवे म्हटलं की तिला सविता हलप्पनवार आठवते.

साळुंकी
नवऱ्याचं सोपं आहे. होस्टिंग अ‍ॅग्रीमेंटवर आलेल्या संशोधकाच्या जोडीदाराला स्टॅम्प १-जी (राहण्याच्या परवान्याचा एक प्रकार) मिळतो, वेगळा वर्क परमिट न काढता नोकरी करता येते. मुलाखतीत हे त्याने स्वतःहून सांगावं, कारण बऱ्याच एचआरवाल्यांना ते ठाऊक नसतं. आल्यावर ९० दिवसांत दोघांनी इमिग्रेशन नोंदणी करायची, प्रत्येकी ३०० युरो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, उतरल्याच्या आठवड्यात मागे लागा.

त्याहून तातडीचा पीपीएस नंबर, म्हणजे कर आणि सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक. तो नसेल तर पहिल्या पगारातून थेट चाळीस टक्क्यांनी इमर्जन्सी टॅक्स कापतात. नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात, डिपॉझिट भरलेलं असताना, ती कापणी जिव्हारी लागते. पत्त्याच्या पुराव्यासाठी घर नक्की व्हायची वाट बघू नका, बँक आणि पीपीएस दोन्हीसाठी विद्यापीठाकडून पत्र मागून घ्या.

आईंना सांगा, त्यांची काळजी खोटी नाही. सविता गेली २०१२ मध्ये, याच शहरात. आपोआप गर्भपात होतोय हे दिसत असूनही गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तिला वेळेत उपचार मिळाले नाहीत. त्यानंतर देश ढवळून निघाला. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी गर्भपाताला आडवं येणारं घटनेतलं कलम काढायला कौल दिला आणि २०१९ पासून कायदा बदलला, १२ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो आणि आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तर त्यानंतरही. माझ्या आयरिश मैत्रिणी अजूनही तिचं नाव घेतात, आणि नावानेच घेतात, "ती भारतीय बाई" असं नाही.

गणोबा
हल्ल्यांबद्दल मी सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये काही भारतीयांना मारहाण झाली, दूतावासाने सावध राहायच्या सूचनाही काढल्या. गॉलवे लहान आहे, २०२२ च्या जनगणनेत ८६ हजारांच्या आत, त्यात विद्यार्थी ढीगभर. मला बसमध्ये एकदोनदा टोमणा ऐकावा लागलाय, त्यापुढे काही नाही. बाकी रात्री उशिरा दारूच्या अड्ड्यांपाशी रेंगाळू नये हे कुठल्याही शहरात खरं. आणि आईंना हेही सांगा की या देशाचा पंतप्रधान राहिलेल्या लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. माझ्या आजीला आयर्लंडबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत आहे आणि तिला ती पुरते.

अर्धाचहा
शाळा: चार वर्षांची म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा. पूर्वप्राथमिकची सरकारी योजना आहे, दिवसाला तीन तास, वर्षाचे ३८ आठवडे, फुकट. किंवा थेट ज्युनियर इन्फंट्स, म्हणजे आपल्या ज्युनियर केजीसारखा वर्ग. बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक आश्रयाखालच्या आहेत. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलाला वगळता येतं, पण मग ते वर्गातच कोपऱ्यात चित्र काढत बसतं. ते नको असेल तर एज्युकेट टुगेदर या संस्थेच्या शाळा सर्वधर्मीय आहेत, जागा मात्र लवकर भरतात. प्राथमिकची पुस्तकं २०२३ पासून मोफत आहेत. आयरिश भाषा सगळ्यांना शिकावी लागते, आणि पोरं ती आपल्यापेक्षा कितीतरी लवकर उचलतात.

डॉक्टर: आठ वर्षांखालच्या मुलांना फॅमिली डॉक्टरची फी लागत नाही, तेवढं कार्ड काढून घ्या. मोठ्यांना एका भेटीचे पन्नास-साठ युरो. खरी रड अशी की नवीन पेशंट घेणारा डॉक्टरच सापडत नाही. आजारी पडायची वाट न बघता पहिल्याच महिन्यात फोन करायला लागा. मी यादी समोर ठेवून एकेकाला खोडत बसले होते.

छत्रीमोड
कोणी नदीबद्दल बोलतच नाहीये. लेकुरवाळ्या बाईला हे आधी सांगायला हवं. कॉरिब दिसायला देखणी आहे, मे-जूनमध्ये सॅमन वेअरच्या पुलावरून खाली पाहिलं तर प्रवाहाविरुद्ध तोंड करून थांबलेले सॅमन मासे दिसतात, नदीच्या मुखाशी क्लॅडाला राजहंसांचा थवा असतो. पण वरच्या सरोवरातून समुद्रापर्यंत सगळी धाव जेमतेम सहा किलोमीटरची. पावसानंतर तिचा वेग असा असतो की चांगला पोहणाराही टिकत नाही. अधूनमधून कोणीतरी वाहून जातं, कित्येकदा रात्री, दारू पिऊन काठाने घरी निघालेला तरुण. काठाला बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोराच्या पिशव्या आणि तरंगती कडी लावलेली असतात, ती कशी फेकायची ते एकदा बघून ठेवा. कॅनॉलच्या कडेची वाट सकाळी फार छान आहे, पण तिथे मुलीचा हात सोडू नका. काही ठिकाणी कठडा नाही.

रविवारी मात्र सॉल्टहिलच्या प्रॉमवर, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या वाटेवर या. शेवटपर्यंत चालत जायचं, टोकाच्या भिंतीला लाथ मारायची आणि परत फिरायचं. का मारायची ते कोणीच नीट सांगत नाही, पण मारल्याशिवाय कोणी परतही फिरत नाही. तुमची लेक खूश होईल.

गणोबा
कधी येताय? ऑगस्टअखेर असेल तर कठीण आहे, विद्यार्थ्यांची झुंबड असते. जुलैत कला महोत्सव आणि महिनाअखेरीला घोड्यांच्या शर्यती, तेव्हा हॉटेलचे दर आभाळाला भिडतात. विद्यार्थ्यांची बरीच घरं सप्टेंबर ते मेपुरती दिली जातात, पुढचे तीन महिने पर्यटकांना. कराराचा कालावधी नीट वाचा, नाहीतर जूनमध्ये बिऱ्हाड पाठीवर.

रानजाई
जानेवारीत येतोय. साळुंकीताईंशी विपूत (वैयक्तिक निरोपात) बोलणं झालं. न्यूकॅसलमधलं एक घर जाहिरातीत दिसतंय: दोन खोल्या, बीईआर सी३, रॉकेलवरचं हीटिंग, मागे छोटं परसू, बारा महिन्यांचा करार. भाडं आमच्या मर्यादेच्या जरा वर आहे. ताई शनिवारी स्वतः जाऊन बघणार आहेत, मी व्हिडिओ कॉलवर असेन.

साळुंकी
जाऊन आले. कपाटामागची भिंत कोरडी, वास नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला थोडे काळे ठिपके आहेत, पण पुसले तर जातात. परसू आहे म्हणून ड्रायर दिलेला नाही, नियमाने बरोबर, पण जानेवारीत परसात काहीही वाळणार नाही. मागणी करून बघितली, मालकीणबाई देते म्हणाल्या. बाई सरळ वाटल्या, शेजारीच राहतात. विद्यापीठ पायी दहा मिनिटांवर, पूल ओलांडायचा नाही.

खाडीपलीकडे
सी३ आणि पायी दहा मिनिटं? मग मी माझं ओरनमोर मागे घेतो. घ्या.

पश्चिमवारा
घ्या, पण सही करण्याआधी एक काम करा. रॉकेलच्या टाकीत सध्या किती माल आहे ते विचारा, मोजपट्टीचा फोटो मागवा, आणि "जेवढं मिळालं तेवढंच भरून परत द्यायचं" हे करारात लिहून घ्या. मीटरचे आकडेही त्याच दिवशी फोटोत. आणि विमानतळावरून रात्री पोहोचणार असाल तर मालकीणबाईंना सांगून दुपारीच बॉयलर चालू करून ठेवा. जानेवारीत रिकामं पडलेलं घर तापायला अख्खी संध्याकाळ जाते.

रानजाई
विचारलं. टाकी पाव भरलेली आहे. फोटो आलाय, करारात ओळ घालायला त्या तयार आहेत. ५०० लिटरची ऑर्डर आधी द्यावी की आल्यावर?

पश्चिमवारा
आधी. थंडीच्या लाटेत गाडी यायला आठवडा लागतो.